दगडात कोंडलेले पाणी

दगडाला पाझर फुटणे, असा एक वाक्प्रचार आपल्या बोलण्यात आहे. न घडणारी गोष्ट घडली, की आपण तो वापरतो. पण श्रोतेहो, दगडात खरोखरच पाणी असते, असे सांगितले तर माण, आटपाडी, जतकडचा माणूस लगेच विचारील, "मग आमच्या विहिरी कोरड्या का?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आरंभीच एक भेद करू. विहिरीला लागते ते कातळाच्या भेगांतले, मुरमातले पाणी. ते वाहते आणि आटतेही. आज सांगायचे आहे ते पाणी स्फटिकाच्या घडणीतच बसलेले असते. ते पोहऱ्याने काढता येत नाही. पण त्याने एका दूरच्या ग्रहाचा इतिहास आपल्याला सांगितला आहे.

तासगावच्या द्राक्षबागाईतदाराच्या परिचयाचा मोरचूद घ्या. खडा हाताला अगदी कोरडा लागतो. तरीही 100 किलो मोरचुदात सुमारे 36 किलो पाणी असते. शिक्षकांनी वर्गात परीक्षानळीत थोडा मोरचूद तापवून दाखवावा. नळीच्या तोंडाशी थेंब जमतात, निळा रंग जातो आणि पांढरी पूड उरते. ती निवल्यावर तिच्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले, की निळाई परत येते.

दुसरे उदाहरण कुंभाराचे. कच्चे मडके उन्हात वाळते, तेव्हा फक्त कालवलेले पाणी जाते. मातीच्या कणांच्या घडणीत गुंतलेला पाण्याचा अंश निघायला भट्टीची कित्येकशे अंशांची धग लागते. तो एकदा गेला, की त्या मडक्याचा पुन्हा चिखल होत नाही.

तिसरे उदाहरण आपल्या पायाखालचे. सातारा-सांगलीचा काळा पाषाण सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी 2016-17 साली तेथे 3 किलोमीटर खोल छिद्र घेतले, तेव्हा हा थर सुमारे सव्वा किलोमीटर जाडीचा भरला. लाव्हा थंड होताना त्यात बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांतून पाणी झिरपले आणि पांढरे, गुलाबी स्फटिक तयार झाले. खाणीत सुरुंग उडाला, की ते चकाकतात. लोक त्यांना सरसकट गारगोटी म्हणतात; पण त्यांतले पुष्कळ 'झिओलाइट' जातीचे असतात. हे नाव 1756 साली क्रोनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने दिले. तापवल्यावर हा खडा उकळल्यासारखा फसफसला, म्हणून त्याने ग्रीक शब्द जोडून 'उकळणारा दगड' असे त्याचे नाव ठेवले. याच्या अंगात बारीक वाटा असतात. त्यांतून तो पाणी सोडतो आणि पुन्हा घेतोही.

आता मंगळाकडे वळू. त्याचाही बराचसा पृष्ठभाग याच जातीच्या काळ्या पाषाणाचा आहे. 1965 साली मरिनर-4 या यानाने जवळून छायाचित्रे पाठवली, तेव्हा तो चंद्रासारखा उजाड दिसला. 1971-72 मध्ये मरिनर-9 ला तेथे नद्यांची कोरडी पात्रे दिसली. पण पात्र म्हणजे नुसता माग. पाण्याचा दस्तऐवज सापडला तो दगडांतच. 2004 साली ऑपॉर्च्युनिटी या गाडीला जारोसाइट हे पाणी धरणारे खनिज मिळाले. 2005 साली मार्स एक्स्प्रेस यानाच्या निरीक्षणांतून चिकणमाती आणि जिप्सम असल्याचे कळले. 2013 साली क्युरिऑसिटीने एका प्राचीन तळ्याचा गाळखडक कोरला, तर त्याचा सुमारे पाचवा हिस्सा चिकणमातीच निघाली. हा गाळ साचला त्याला 350 कोटींहून अधिक वर्षे झाली.

मग इतक्या कोरड्या ठिकाणी हे पाणी उडून कसे गेले नाही? तेथील हवेचा दाब आपल्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी आहे. उघडे पाणी तेथे टिकत नाही. ते गोठते किंवा उडून जाते. परंतु सरासरी उष्णतामान शून्याखाली सुमारे 60 अंश. अशा थंडीत स्फटिकातून पाणी सुटण्याची क्रिया अतिशय मंदावते. शिवाय माघातल्या पहाटे थोड्याशा वाफेनेही दव पडते ना? तसेच तेथे रात्री लेशभर वाफेनेही विरळ हवा भरल्यासारखी होते. दिवसा झिओलाइटने थोडे पाणी सोडलेच, तर रात्री ते परत घेण्याची संधी मिळते. मॅग्नेशियमचे काही क्षार मात्र कच्चे; ते आपले बरेच पाणी गमावू शकतात. जिप्सम त्याहून चिवट. आणि चिकणमातीला तर कुंभाराची भट्टी लागते. ती मंगळाच्या उन्हात कोठून मिळणार?

इतिहासाच्या अभ्यासकाला यात नवल वाटू नये. दमट हवेत कागदाला बुरशी लागते. कोरड्या, थंड जागी बाड शतकानुशतके टिकते. पृथ्वीवर इतका जुना गाळ बहुधा खोल गाडला जाऊन, तापून, बदलून गेला. मंगळाचे पाणी गेले. पण ज्या रुक्षपणाने ते गेले, त्यानेच त्याची नोंद राखली.

आपल्याकडे मात्र अशी पाने रोज खडीच्या क्रशरमध्ये जातात. रस्ते हवेत, घरे हवीत, हे खरे. तरी गुरुजी, पुढच्या वेळी गावात विहिरीचे काम निघेल, तेव्हा ढिगाऱ्यातला एक चकाकता खडा शाळेत आणून ठेवा. त्याच्याखाली गावाचे नाव, खोली आणि तारीख लिहा. त्यातल्या पाण्याने कुणाची तहान भागणार नाही. पण आपल्या भूमीचा पुरावा एखाद्या मुलाच्या हातात राहील.