पोटगी आणि सातबारा

देवळी तालुक्यातले दोन बाप घटकाभर कल्पनेत आणा. एक पुलगावच्या दारूगोळा भांडारात नोकरीला आहे. त्याच्या हाती दर महिन्याला पगारपत्रक पडते. दुसऱ्याची कोरडवाहू कपाशी. पैसा येतो तो दिवाळीच्या पुढेमागे, कापूस विकल्यावर, आणि त्यातला बराचसा बियाणे-खताच्या उधारीत जातो. दोघांचेही संसार मोडले, मुले आयांकडे राहिली. बापाने मुलासाठी दरमहा किती द्यायचे?

आज आपण सहज म्हणतो, 'ज्याच्या-त्याच्या कमाईप्रमाणे.' पण फौजदारी कायद्याला एवढे म्हणायला शंभर वर्षांहून अधिक काळ लागला.

१८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४८८ होते. वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता. बायकापोरे उघड्यावर पडू नयेत, एवढाच या कलमाचा हेतू. बापाकडे पुरेशी साधने आहेत का, हे दंडाधिकारी पाहत. पण पोटगी महिना ५० रुपयांच्या वर जाऊ शकत नसे. बाप मालगुजार असला तरी कमाल तीच. ही मर्यादा १९२३ साली १०० आणि १९५५ साली ५०० रुपये झाली. १९७३च्या नव्या संहितेत कलमाचा आकडा बदलून १२५ झाला, ५०० मात्र तसेच राहिले. ही मर्यादा प्रत्येक हक्कदारासाठी वेगळी धरायची, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली सांगितले, तेवढाच दिलासा. महाराष्ट्राने १९९९ साली ती १,५०० केली. २००१ साली संसदेने मर्यादाच काढून टाकली.

दिवाणी वाट अर्थात आधीपासून होती. १९५६च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्यात रकमेला कमाल मर्यादा नव्हती. शिवाय मुलांना पोसण्याची जबाबदारी त्याने आईवरही टाकली. पण दिवाणी दाव्याचा खर्च आणि वर्षे परवडायला हवीत. गरीब बाई दंडाधिकाऱ्याकडेच जाई. दोघेही कमावते असतील तर वाटणी कशी करायची, याचा नमुना सर्वोच्च न्यायालयाच्या २०००च्या एका निकालात सापडतो. तिथे बापाची कमाई आईच्या साधारण दुप्पट होती, म्हणून मुलांच्या खर्चाचे दोन वाटे बापाने आणि एक आईने उचलावा, असे ठरले.

पुढचा टप्पा देवळीच्या शेजारचाच. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयाने २०१३ साली एका प्रकरणात मुलासाठी दरमहा ५,००० आणि दोन वर्षांनंतर १०,००० रुपये अंतरिम पोटगी ठरवली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ साली ती कायम केली. ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच प्रकरणात देशभरासाठी नियम घातले: नवरा-बायको दोघांनीही मालमत्ता आणि उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र द्यावे, अंतरिम अर्ज शक्यतो चार ते सहा महिन्यांत निकाली काढावा, आई पुरेसे कमावत असेल, तर शिक्षणाचा खर्च कमाईच्या प्रमाणात वाटून घ्यावा.

या निकालाने शेतकऱ्यांसाठी वेगळा नमुना जोडला. जमीन किती, सामाईक असल्यास हिस्सा किती, कोरडवाहू की ओलिताची, पिके कोणती, गुरे किती, जमिनीवर कर्ज किती, बटईने घेतली आहे का आणि मागच्या तीन वर्षांचे उत्पन्न किती, असे सगळे त्यात लिहायचे.

प्रश्न अचूक आहेत, पण उत्तरे कागदावर असतातच असे नाही. सातबारा आजोबांच्या नावावर असतो. कापूस घरूनच खेड्यातल्या व्यापाऱ्याला विकला, तर बाजार समितीची पावती नसते. आईलाही तोच अर्ज भरायचा असतो. किलोवर मिळालेल्या वेचणीच्या मजुरीचा हिशोब ती कुठून आणणार? पगारपत्रकवाल्या बापाच्या मुलाचा वाटा कागद पाहून ठरवता येतो. कपाशीवाल्याच्या मुलाचा वाटा अजूनही बराचसा अंदाजावर ठरतो, आणि तो अंदाज चुकला तर झळ मुलालाच बसते. कायद्यातली मर्यादा गेली. आता गरज आहे ती वेचणीच्या मजुरीची आणि कापसाच्या विक्रीची नोंद ठेवण्याची.