वॉशिंग्टन नाविक करार

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेची संयुक्त संस्थाने, ग्रेट ब्रिटन, जपान, फ्रान्स व इटली या पाच सत्तांनी आपापल्या आरमारांतील बॅटलशिप, बॅटल क्रूझर व विमानवाहू जहाजे यांवर मर्यादा घालण्यासाठी ६ फेब्रुवारी १९२२ रोजी वॉशिंग्टन येथे केलेला करार. त्यास पंचसत्ता करार असेही म्हणतात. १७ ऑगस्ट १९२३ रोजी तो अंमलात आला व १९३६ अखेर संपुष्टात आला. ब्रिटिश साम्राज्याच्या शिष्टमंडळातील इतर घटकांप्रमाणे हिंदुस्थानच्या वतीने त्यावर व्ही. एस्. श्रीनिवास शास्त्री यांनी वेगळी सही केली. तथापि ज्या जातीच्या युद्धनौकांविषयी हा करार होता, तशी एकही नौका हिंदुस्थानजवळ नव्हती. या कराराचे महत्त्व त्याने काय घडविले यापेक्षा काय घडू दिले नाही यावरून अधिक चांगले कळते. म्हणूनच तो झाला नसता तर दोन महायुद्धांच्या दरम्यानची आरमारे कशी असती, हा प्रश्न नाविक इतिहासात वारंवार उपस्थित केला जातो.

१९१८ मध्ये युद्ध थांबले, पण जहाजबांधणी थांबली नाही. अमेरिकन काँग्रेसने ऑगस्ट १९१६ मध्ये दहा बॅटलशिप व सहा बॅटल क्रूझर बांधण्यास मंजुरी दिली होती. त्यांपैकी ‘साउथ डकोटा’ वर्गाच्या सहा नौका प्रत्येकी ४३,२०० टनांच्या व ४०·६ सेंमी. (१६ इंची) बारा तोफांच्या होत्या. जपानच्या संसदेने १९२० मध्ये ‘आठ-आठ’ योजना मान्य केली. आठ वर्षांहून जुन्या नसलेल्या आठ बॅटलशिप व आठ बॅटल क्रूझर सतत सज्ज ठेवाव्यात, अशी ती योजना होती. तीतील अखेरच्या चार नौकांवर ४५·७ सेंमी. (१८ इंची) तोफा बसवावयाच्या होत्या. १९२१ मध्ये जपानी शासनाच्या एकूण खर्चापैकी सुमारे एक-तृतीयांश खर्च एकट्या आरमारावर होत होता. कर्जाने वाकलेल्या ब्रिटननेही ऑक्टोबर १९२१ मध्ये सु. ४८,००० टनांच्या चार बॅटल क्रूझरची मागणी नोंदविली आणि १८ इंची तोफांच्या आणखी चार बॅटलशिपांचे आराखडे तयार केले. जी-३ व एन-३ या आराखड्यांच्या सांकेतिक अक्षरांनीच या नौका आज ओळखल्या जातात.

१२ नोव्हेंबर १९२१ रोजी परिषदेचे उद्‌घाटन झाले. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स एव्हान्झ ह्यूझ हे औपचारिक स्वागतपर भाषण करतील, अशी सर्वांची अपेक्षा होती. त्यांनी त्याऐवजी तिन्ही प्रमुख आरमारांतील मोडीत काढावयाच्या नौकांची यादीच सादर केली. बांधून झालेल्या, बांधणीत असलेल्या व योजलेल्या मिळून ती ६६ नौकांची, म्हणजे सु. १८ लक्ष ७८ हजार टनांची होती. त्यांतील ८ लक्ष ४५ हजार टन अमेरिकेच्या वाट्याचे होते. स्वतःचा त्याग प्रथम जाहीर केल्यामुळे इतरांना उघड नकार देणे अवघड झाले. वाटाघाटींत अमेरिकेला आणखी एक फायदा होता. हर्बर्ट यार्डली यांच्या गुप्त कार्यालयाने जपानी संकेतलिपी उकलली होती. त्यामुळे सत्तर टक्क्यांचा आग्रह धरणारा जपान अखेर साठ टक्क्यांवर येण्यास तयार आहे, हे ह्यूझ यांना आधीच कळले होते. यार्डली यांनी १९३१ मध्ये पुस्तक लिहून ही गोष्ट उघड केली, तेव्हा जपानमध्ये साहजिकच क्षोभ उसळला.

करारान्वये बॅटलशिप व बॅटल क्रूझर यांचे एकूण टनभार अमेरिका व ब्रिटन यांसाठी प्रत्येकी ५,२५,०००, जपानसाठी ३,१५,००० व फ्रान्स आणि इटली यांसाठी प्रत्येकी १,७५,००० असे ठरले. नव्या नौकेचे प्रमाणित विस्थापन ३५,००० टनांपेक्षा व तोफेचा व्यास ४०·६ सेंमी. पेक्षा अधिक असू नये आणि दहा वर्षे नवी बांधणी करू नये, असेही ठरले. प्रमाणित विस्थापनात इंधन व बाष्पित्रांचे राखीव पाणी धरले जात नसे. ‘मुत्सु’ ही जपानी नौका अपुरी असल्याचे सांगून ती मोडावी, असा अमेरिकेचा आग्रह होता. जपानने तो मानला नाही. त्या नौकेसाठी शाळकरी मुलांनीही पैसे दिल्याचे सांगितले जाई. ‘मुत्सु’ राहिली, मोबदल्यात अमेरिकेला दोन नौका पुऱ्या करण्याची व ब्रिटनला दोन नव्या बांधण्याची मुभा मिळाली. ‘नेल्सन’ व ‘रॉडनी’ या त्या ब्रिटिश नौका १९२७ मध्ये पूर्ण झाल्या. जी-३ चा आराखडा आखूड करून त्या बेतल्या असल्याने त्यांच्या सर्व मोठ्या तोफा पुढील भागात एकवटल्या होत्या. वॉशिंग्टनने तोडलेली चेरीची झाडे, असे ब्रिटिश आरमारात त्यांना थट्टेने म्हणत. उलट ‘वॉशिंग्टन’ याच नावाची तीन-चतुर्थांश पूर्ण झालेली अमेरिकन बॅटलशिप नोव्हेंबर १९२४ मध्ये स्वतःच्याच आरमाराच्या तोफांनी बुडविण्यात आली.

करार झाला नसता आणि सर्व योजना पार पडल्या असत्या, तर १९२८ च्या सुमारास अमेरिकेजवळ व जपानजवळ प्रत्येकी सोळा आणि ब्रिटनजवळ आठ, अशा सोळा इंची वा त्याहून मोठ्या तोफांच्या चाळीस नौका असत्या. प्रत्यक्षात साऱ्या जगात अशा सातच नौका होत्या : अमेरिकेच्या तीन, जपानच्या दोन व ब्रिटनच्या दोन. ४२,००० टनांची ‘हूड’ वीस वर्षे जगातील सर्वांत मोठी युद्धनौका म्हणून मिरवली, ती या रिकाम्या जागेमुळेच. जी-३ नौका झाल्या असत्या, तर ती लवकरच दुय्यम ठरली असती आणि मे १९४१ मध्ये ‘बिस्मार्क’ शी गाठ घालण्यास कदाचित वेगळीच नौका गेली असती.

परंतु चाळीस हा आकडा आराखड्याच्या कागदावरचा आहे. तो खजिन्यातला नव्हे. १९२० च्या मंदीने जपानी अर्थव्यवस्था हादरली होती आणि १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपाने योकोसुका गोदीतील ‘आमागी’ चा सांगाडाच निकामी केला. सोळाही नौका बांधणे व नंतर त्या पोसणे जपानला झेपले असते, असे म्हणणे कठीण आहे. नौदलमंत्री काटो तोमोसाबुरो यांना हे पुरते उमगले होते. पैशावाचून युद्ध नाही आणि जपानला कर्ज देऊ शकेल असा देश अमेरिकाच आहे, या विचाराने त्यांनी साठ टक्के पत्करले. त्यांचेच सहकारी काटो कान्जी यांना मात्र तो राष्ट्राचा अपमान वाटला. अमेरिकेतही सिनेटर विल्यम बोरा यांनी डिसेंबर १९२० मध्येच कपातीचा ठराव मांडला होता आणि पुढे करारात मोकळ्या असलेल्या क्रूझरांसाठीही काँग्रेस सहजी पैसे देईना. तथापि अमेरिकेने मनात आणले असते, तर औद्योगिक बळावर ती जपानला कितीतरी मागे टाकू शकली असती. म्हणून पाचास तीन हे प्रमाण जपानच्या दृष्टीने बंधन कमी व संरक्षण अधिक होते, हेच मत अधिक ग्राह्य वाटते.

विमानवाहू जहाजांच्या बाबतीत कराराचा परिणाम कोणीही योजिलेला नव्हता. मोडावयाच्या नौकांपैकी प्रत्येक सत्तेला दोन सांगाडे ३३,००० टनांपर्यंतच्या विमानवाहू जहाजांत रूपांतरित करण्याची सवलत होती. त्यातून अमेरिकेची ‘लेक्झिंग्टन’ व ‘सॅराटोगा’ आणि जपानची ‘आकागी’ व ‘कागा’ ही जहाजे निर्माण झाली. ‘कागा’ ची निवड भूकंपात गेलेल्या ‘आमागी’ च्या जागी झाली. करार नसता, तर हे चारही सांगाडे तोफांखाली गेले असते. मोठ्या संख्येने विमाने एकत्र वापरण्याचे तंत्र दोन्ही आरमारे या प्रशस्त जहाजांवरच शिकली. लहान जहाजांवर ते इतक्या लवकर साधले नसते. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला करणाऱ्या सहा जहाजांत ‘आकागी’ व ‘कागा’ होत्या आणि तेथे सापडलेल्या आठही बॅटलशिप या करारापूर्वीच्या आराखड्यांच्या होत्या.

करारातील एकोणिसाव्या कलमाकडे सामान्यतः कमी लक्ष दिले जाते. त्यानुसार अमेरिकेने फिलिपीन्स व ग्वाम येथे नवी तटबंदी न करण्याचे मान्य केले. ब्रिटनवरील बंधन ११० पूर्व रेखांशाच्या पलीकडील बेटांना व हाँगकाँगला लागू होते; त्यामुळे सिंगापूर मोकळे राहिले. नौकांच्या संख्येपेक्षा हीच सवलत जपानला मोलाची होती, कारण तळावाचून मोठे आरमार पश्चिम पॅसिफिकमध्ये लढू शकत नाही.

क्रूझरांवरील मतभेदांमुळे १९२७ ची जिनीव्हा परिषद फसली. २२ एप्रिल १९३० च्या लंडन कराराने बांधणीबंदी १९३६ अखेरपर्यंत वाढली व तीन प्रमुख सत्तांच्या मोठ्या नौकांची संख्या १५, १५ व ९ झाली. हा करार मान्य करणारे जपानचे पंतप्रधान हामागुची ओसाची यांच्यावर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये टोकिओ स्थानकावर गोळी झाडण्यात आली; ते पुढील वर्षी मरण पावले. डिसेंबर १९३४ मध्ये जपानने वॉशिंग्टन करारातून बाहेर पडण्याची सूचना दिली आणि ४ नोव्हेंबर १९३७ रोजी कुरे येथे ४६ सेंमी. तोफांच्या ‘यामातो’ ची बांधणी सुरू केली. त्या वेळी ब्रिटन १९३६ च्या दुसऱ्या लंडन कराराला अनुसरून ३५·६ सेंमी. (१४ इंची) तोफांच्या पाच नौका बांधीत होता.

बंदीच्या वर्षांत ब्रिटनमधील जाड चिलखती पत्रे व मोठ्या तोफा यांचे कारखाने मोडकळीस आले व कुशल कारागीर पांगले. पुनर्शस्त्रीकरणाच्या काळात चिलखताचा काही भाग चेकोस्लोव्हाकियातून मागवावा लागला. १९४६ मध्ये पूर्ण झालेल्या ‘व्हॅनगार्ड’ या ब्रिटनच्या अखेरच्या बॅटलशिपवरील ३८·१ सेंमी. (१५ इंची) तोफाही नव्या नव्हत्या. ‘करेजस’ व ‘ग्लोरिअस’ या नौकांचे विमानवाहू जहाजांत रूपांतर करताना उतरवून ठेवलेल्या तोफामनोऱ्यांत बसविलेल्या, पहिल्या महायुद्धकाळातील त्या तोफा होत्या.