काशीतील सेवा आणि सेवकाची दृष्टी

काशीत देह ठेवला की मुक्ती मिळते, ही श्रद्धा महाराष्ट्राच्या मनात किती खोल रुजली आहे हे निराळे सांगावयास नको. पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागांत आपली मराठी घराणी विद्येच्या निमित्ताने पिढ्यान्‌पिढ्या नांदली. त्याच बोळांतून दुसरीही एक वस्ती होती. ती होती काशीवासासाठी आलेल्या, किंवा आणून सोडलेल्या, वृद्धांची आणि विधवांची.

त्यांच्यासाठी दानधर्म नव्हता असे मुळीच नाही. 1780 साली अहिल्याबाई होळकरांनी विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारले. ठिकठिकाणची अन्नछत्रेही त्यांच्या नावाशी निगडित आहेत. या बाईंना 1754 साली वैधव्य आले होते आणि पुढे 28 वर्षे त्यांनी राज्य चालविले. त्याच काशीत मात्र विधवा म्हटली की हात पसरणारी, असेच चित्र लोकांच्या डोळ्यांपुढे उभे राही. छत्रात पंगत मांडणारा कोणी दुष्ट नसे. पण कोणास कोठे बसवावयाचे आणि कोणास दारातूनच वाढावयाचे, हे ठरविण्यास त्याला क्षणाचाही विचार करावा लागत नसे. ज्या निर्णयाला विचार लागत नाही, तेथेच पूर्वग्रहाचे बिऱ्हाड असते.

काशीत तर याहून सूक्ष्म असा एक ग्रह होता. घाटावर कोणी वृद्धा निपचित पडलेली दिसली, की येणारा-जाणारा मनोमन हात जोडी. ती मरणासाठीच आली आहे, तिचे भाग्य थोर, असे त्यास वाटे. ती बहुधा उपाशी असेल किंवा औषधाने बरी होणाऱ्या तापाने पडली असेल, ही शंकाच त्यास शिवत नसे. श्रद्धा खोटी नव्हती. पण तिच्या आड माणूस दिसेनासा झाला होता.

1900 साली काशीतल्या काही बंगाली तरुणांना अशीच एक वृद्धा रस्त्याकडेला आढळली. त्यांनी तिला खाऊ घातले आणि तिची शुश्रूषा केली. या मंडळींत चारुचंद्र दास, यामिनीरंजन मजुमदार आणि केदारनाथ मौलिक हे प्रमुख होत. त्यांनी संस्था काढली आणि तिला ‘पुअर मेन्स रिलीफ असोसिएशन’ असे नाव दिले. जात, धर्म वा प्रांत न पाहता रोग्यांना उचलून आणणारी ही मुले. त्यांच्या दृष्टीत काय खोट काढावी?

खोट काढली ती विवेकानंदांनी. 1902 च्या फेब्रुवारीत ते काशीत होते, आणि त्यांचा आक्षेप कामाला नव्हता, नावाला होता. दुसऱ्याचे दुःख निवारणारे आपण कोण? आपल्या हाती फक्त सेवा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ‘रिलीफ’ गेले आणि ‘होम ऑफ सर्व्हिस’ आले. कोणी म्हणेल, हा शब्दच्छल झाला. मला तसे वाटत नाही. निवारण करणारा वर उभा असतो, आणि वरून पाहणाऱ्यास खालच्या माणसाची गरज आधीच ठाऊक असल्यासारखी वाटते. म्हणून तो विचारीत नाही. सेवकाला मात्र विचारावेच लागते. बाई, आपण कोठल्या? शेवटचे कधी जेवलात? घरी परत जावयाचे आहे का?

गंगेची कावड रामेश्वरी नेताना एकनाथांनी ते पाणी तहानेल्या गाढवाच्या मुखी घातले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. बरोबरचे यात्रेकरू काही निर्दय नव्हते. त्यांची नजर कावडीवर होती, एवढेच.

1958 साली स्थापन झालेल्या काशी लाभ मुक्ती भवनात आजही मरणासन्न माणसे आप्तांसह येऊन राहतात. तेथे येणारा जाणूनबुजून आलेला असतो. जो टाकला गेला आहे त्याची गोष्ट वेगळी. हे दोघे वरवर सारखेच दिसतात, आणि काशीत सेवा करणाऱ्याची खरी कसोटी या सारखेपणातच आहे.

लक्सा येथील सेवाश्रमाच्या वाट्यालाही पूर्वग्रह आला, आणि तो भक्तांकडूनच. रुग्णालय चालविणे हे साधकाचे काम नव्हे, असे काही थोर रामकृष्णभक्तांनाही वाटे. 1912 साली सारदादेवी तेथे आल्या, सर्व विभाग त्यांनी फिरून पाहिले आणि रामकृष्ण येथे वास करीत आहेत असे सांगून त्यांनी आश्रमाला दहा रुपयांची एक नोट दिली. ती नोट आश्रमाने खर्ची घातली नाही, जपून ठेवली.