काकूंचं तिकीट आणि अटलांटिकच्या रिकाम्या खुर्च्या

मागच्या आठवड्यात सोमाटणे फाट्यावर चहा पीत उभा होतो. शेजारच्या काकू रिक्षातून उतरल्या. गुडघ्याला पट्टा, हातात औषधाची पिशवी. मला बघून थेट मुद्द्यावर. "तू पेपरवाला ना? मग ते विमानात आडवं व्हायला मिळतं ते तिकीट स्वस्तात कुठं मिळतं ते शोध. नाहीतर मी काही जात नाही न्यू जर्सीला, सांग त्याला."

त्याला म्हणजे त्यांच्या मुलाला. सून सप्टेंबरमध्ये बाळंत होणार. काकू दोन वर्षांपूर्वी एकदा जाऊन आल्यात. युरोपात विमान बदलून, दोन्ही टप्प्यांत मधली सीट. परत आल्या तेव्हा घोटे असे सुजलेले की आठ दिवस चप्पल चढेना. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ साली सांगितलंय की चार तासांपेक्षा जास्त एका जागी बसून प्रवास केला तर शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. धोका तसा लहानच, सहा हजारांत एक. पण काकूंचं वय एकाहत्तर आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

मग बसलो शोधायला. आणि सवयीप्रमाणे इतिहासात शिरलो.

आपल्याकडून अटलांटिक ओलांडणाऱ्यांत पहिली आठवते ती आनंदीबाई जोशी. १८८३ साली वय अठरा. दागिने मोडले, लोकांनी थोडी वर्गणी दिली, नवरा पोस्टात नोकरीला. ७ एप्रिलला कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. जवळपास दोन महिने! उतरून गेल्या कुठं, तर रोझेलला. म्हणजे न्यू जर्सीलाच. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या तो समारंभ बघायला पंडिता रमाबाई इंग्लंडहून अटलांटिक ओलांडून फिलाडेल्फियाला गेल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आनंदीबाई परत निघाल्या त्या क्षयानं खंगलेल्या अवस्थेत. फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात गेल्या. तो परतीचा प्रवास त्या बाईनं कसा काढला असेल, हा विचार मला कधीच सोडत नाही.

त्या काळी बोटीवर वर्ग असायचे. वर पहिला, मग दुसरा आणि तळाशी 'स्टिअरेज'. तळाला युरोपातली गरीब माणसं, शेकड्यांनी. गंमत अशी, की कंपन्यांचा मोठा धंदा या तळावर चालायचा. बाबासाहेब १९१३ मध्ये बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कला गेले (तळेगावात त्यांचा बंगला आहे, आपल्या फाट्यापासून काही मिनिटांवर, बघितला नसेल तर बघून या). महिन्याला साडेअकरा पौंड मिळायचे, त्यात शिकायचं, राहायचं, घरी पाठवायचं आणि पुस्तकं घ्यायची. १९१६ मध्ये त्यांनी अटलांटिक उलटा ओलांडला, लंडनला. १९१७ मध्ये ते भारतात परतले तेव्हा वेगळ्या बोटीनं पाठवलेली त्यांची पुस्तकं पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. आपण तिकिटाला रडतो.

आता खरी गोष्ट सुरू होते. १९२१ आणि १९२४ साली अमेरिकेनं कायदे करून युरोपातून येणाऱ्यांवर कोटा लावला. बोटींचे तळ रिकामे पडले. बोट तर न्यायचीच आहे, कोळसा तर जळणारच आहे. मग कंपन्यांनी तिथंच जरा रंगरंगोटी केली, बऱ्या खोल्या केल्या, नाव दिलं 'टुरिस्ट थर्ड' आणि शिक्षक, विद्यार्थ्यांना स्वस्तात विकायला काढलं. कोणी दयेपोटी केलं नव्हतं. जागा रिकामी होती म्हणून केलं. हे लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

विमानं आली तेव्हा सुरुवातीला बसणारे सगळे श्रीमंतच. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला गेलं, वाटेत कैरो आणि जिनिव्हा. १४ मे १९६० ला एअर इंडियाचं बोइंग ७०७ लंडनमार्गे न्यूयॉर्कपर्यंत पोचलं. तोवर अटलांटिकवर १९५२ मध्ये टुरिस्ट वर्ग आणि १९५८ मध्ये इकॉनॉमी सुरू झाली होती. भाडी ठरवायच्या सगळ्या कंपन्या मिळून, आयाटा या संघटनेत बसून. इकॉनॉमीत जेवण काय द्यायचं तेही ठरलेलं, नुसतं सँडविच. स्कँडिनेव्हियाच्या कंपनीनं सँडविचच्या नावाखाली एवढं काही ताटात वाढलं की पॅन ॲमनं तक्रार केली आणि त्यांना दंड झाला! आपल्याकडच्या राइस प्लेटवाल्यांना हे कळलं तर हसतील.

हा कारभार मोडला फ्रेडी लेकर नावाच्या इंग्रज माणसानं. २६ सप्टेंबर १९७७, 'स्कायट्रेन', लंडन ते न्यूयॉर्क ५९ पौंड. आधी बुकिंग नाही, रांगेत उभं राहायचं, जेवणाचे पैसे वेगळे. बाकीच्या कंपन्यांनाही भाडी पाडावी लागली. आणि त्यातून जन्मली ती आपली बिझनेस क्लास.

कशी? इकॉनॉमीत आता दोन प्रकारची माणसं शेजारी शेजारी बसायला लागली. एक सवलतीचं तिकीट काढलेला विद्यार्थी आणि दुसरा कंपनीच्या कामाला निघालेला, पूर्ण भाडं भरलेला साहेब. ट्रे तोच, खुर्ची तीच. साहेब कुरकुरले. मग १९७८ मध्ये पॅन ॲमनं पूर्ण भाडं भरणाऱ्यांना वेगळं बसवलं, नाव दिलं 'क्लिपर क्लास'. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासनं 'बिझनेस क्लास' हे नाव लावलं. म्हणजे ही जागा सुरुवातीला आरामासाठी नव्हतीच, रुसवा काढण्यासाठी होती. पलंगासारखी सपाट होणारी खुर्ची तर बिझनेसमध्ये ब्रिटिश एअरवेजनं २००० साली आणली. आणि तिचं भाडं ठरलं ते कंपनीचा खजिनदार किती सही करेल यावर. काकूंच्या गुडघ्याचा विचार त्यात कुठंच नव्हता.

ती स्वस्त करायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. २००५ नंतर ईऑस, मॅक्सजेट, सिल्व्हरजेट अशा तीन कंपन्या फक्त बिझनेस क्लासची विमानं घेऊन लंडन-न्यूयॉर्क उडायला लागल्या. मोठ्यांपेक्षा भाडं कमी. तेल महागलं, बँका कोसळायला लागल्या, आणि डिसेंबर २००७ ते मे २००८ या सहा महिन्यांत तिन्ही बंद. फ्रान्सची ला कॉम्पनी २०१४ पासून पॅरिस-न्यूअर्क तोच धंदा करते आणि टिकलीय. २०२१ मध्ये जेटब्लूनं लंडनला यायला सुरुवात केली आणि मोठ्यांना भाव जरा खाली आणायला लागले.

आता आपल्या दारातलं. २००८ च्या जुलैत लुफ्तान्सानं पुणे-फ्रँकफर्ट विमान सुरू केलं तेही असंच, सगळं बिझनेस क्लास! स्वित्झर्लंडच्या प्रायव्हटएअर कंपनीकडून छोटं विमान चालवून घेतलेलं. लोहगावातून, वायुदलाच्या धावपट्टीवरून. कारण उघड होतं. चाकणला जर्मन गाड्यांचे कारखाने येत होते, तळेगावात त्याच वर्षी जनरल मोटर्स सुरू झाली. पुढं त्या विमानात इकॉनॉमीच्या खुर्च्याही आल्या. २०१८ च्या डिसेंबरमध्ये प्रायव्हटएअर दिवाळखोरीत गेली. जनरल मोटर्सनं तळेगावातून गाशा गुंडाळला २०२० मध्ये. साहेबांसाठी आलेलं विमान साहेबांबरोबर गेलं. मावळातून परदेशी पोरांकडे निघालेले आईबाप तेव्हाही फाट्यावरून टॅक्सी करून मुंबईला जात होते, आजही जातात.

तर काकूंचं तिकीट. बोटीच्या तळाची गोष्ट आठवा. बिझनेसची खुर्ची कधी रिकामी राहते? साहेब सुट्टीवर असतात तेव्हा. जुलै-ऑगस्टमध्ये आणि नाताळात. तेव्हा इकॉनॉमी चढते आणि बिझनेस उतरते. दुसरं, पलंग लागतो रात्री. युरोपातून अमेरिकेला जाताना दिवसाचा प्रवास असतो, उठत-बसत निघतो. परत येताना तोच अटलांटिक रात्री ओलांडायचा असतो. तिसरं, ऑस्लो-डब्लिनहून सुटणारं वेगळं तिकीट कधीकधी बरंच स्वस्त दिसतं, पण मोहात पडू नका. दोन वेगळी तिकिटं असली की सामान बाहेर काढून परत द्यावं लागतं, बाहेर पडायला त्या देशाचा व्हिसा लागतो, आणि पहिलं विमान चुकलं तर दुसरी कंपनी तुमची कोणी लागत नाही. एकाहत्तर वर्षांच्या बाईला हे सांगायचं नाही.

तळेगावच्या एका एजंटाकडे दोन तास बसलो. एकच तिकीट, एकच पीएनआर. ऑगस्टमध्ये जाताना इकॉनॉमी, पण पैसे भरून कडेची सीट, म्हणजे फेऱ्या मारता येतील. परतीला फक्त अटलांटिकचा टप्पा बिझनेस, २५ डिसेंबरची रात्र. पूर्ण बिझनेस इकॉनॉमीच्या चौपट जात होतं, हे पावणेदोनपटीत बसलं. जातानाची मुंबई-युरोप रात्र मात्र बसूनच काढायची, त्यावर तोडगा सापडला नाही. डॉक्टरांनी पायात घालायचे घट्ट मोजे लिहून दिलेत.

काकूंना कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. मग विचारलं, "आडवं झाल्यावर शेजारी कोण झोपतं?"

कोणी नाही म्हटलं, मध्ये आडोसा असतो. तेव्हा कुठं पैसे भरा म्हणाल्या.