तापाचा नकाशा : लाहोर १९०८ आणि लाहोर २०१२

१९०८ सालचा पावसाळा सरता सरता लाहोरच्या मोठ्या रेल्वे-केंद्रावर गाड्यांचे वेळापत्रक एकाएकी कोलमडले. संप नव्हता की अपघात नव्हता. गाड्या चालविणारी माणसेच तापाने अंथरुणाला खिळली होती. पंजाबात काही भयंकर घडत आहे ही गोष्ट सरकारच्या ध्यानी आली ती अशी, गाडी चुकल्यामुळे! तोवर खेड्यापाड्यांतून प्रेते निघू लागली होती. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर या दोन महिन्यांत त्या प्रांतात तापाने ३ लाखांहून अधिक माणसे मेली. अमृतसरात तर शहरच्या शहर आजारी पडले.

आता, श्रोतेहो, रोनाल्ड रॉस यांनी हिवतापाचा जंतू डासाच्या पोटात पाहिला तो सिकंदराबादेस, १८९७ च्या ऑगस्टमध्ये. म्हणजे या साथीच्या वेळी कारण ठाऊक होऊन अकरा वर्षे लोटली होती. मग एवढे ज्ञान पदरी असताना माणसे का मेली? डास ताप आणतो हे कळणे निराळे, आणि कोणत्या गावी, कोणत्या आठवड्यात आणील हे कळणे निराळे. या दुसऱ्या ज्ञानासाठी नकाशा लागतो.

तो काढला रिकर्ड ख्रिस्तोफर्स या लष्करी वैद्यकखात्यातील डॉक्टराने. त्याचे साधन काय होते ते पाहण्यासारखे आहे. खेड्यात कोणी मेले की गावचा चौकीदार ठाण्यावर वर्दी देई. चौकीदाराला वैद्यक थोडेच येते? अंग तापून मेला तो ‘तापाने मेला’. अशा अडाणी, ओबडधोबड नोंदी ठाण्याठाण्यांतून गोळा करून ख्रिस्तोफर्सने नेहमीच्या मृत्यूंशी साथीच्या महिन्यांतील मृत्यूंचे प्रमाण काढले आणि ते नकाशावर मांडले. साथ सगळीकडे सारखी पसरलेली नव्हती असे दिसून आले. काही ठिकाणी तिचे गाभे होते. तेथून बाहेर जावे तसा तिचा जोर ओसरत होता. मग त्याने मागच्या चाळीस वर्षांच्या साथी तपासल्या, आणि पावसाच्या आकड्यांशेजारी धान्याचे भाव ठेवले. अतिवृष्टी आणि महागाई एकत्र आली की पंजाबात माणसे मरत होती. १९११ साली हा अहवाल प्रसिद्ध झाला. सरकारी नोकराने सरकारी आकड्यांवरून तापाचे एक मूळ उपासमारीत दाखवावे, याला मी धैर्यच म्हणेन. १९२० नंतरच्या दशकात पाऊस, पानथरी वाढलेल्या मुलांचे प्रमाण आणि धान्याचे भाव पाहून त्या प्रांतात साथीचे आगाऊ अंदाजही वर्तविले जाऊ लागले.

याच सुमारास आपल्या मुंबईत डॉ. बेंटली घरोघरच्या विहिरी तपासत होते. शहरी हिवतापाचा डास विहिरीत वाढतो, तेव्हा विहिरी बुजवा किंवा झाका, असा त्यांचा सल्ला. त्यावर केवढे वादळ उठले! पारशी आणि हिंदू कुटुंबांना विहिरीचे पाणी पूज्य. तिच्यावर झाकण कसे घालावे? नकाशावर एक टिंब असते खरे, पण त्या टिंबाच्या जागी कोणाचे तरी अंगण असते.

शंभर वर्षे ओलांडून पुन्हा लाहोरलाच येऊ. २०११ साली तेथे डेंग्यूने हजारो लोक आजारी पडले आणि तीनशेहून अधिक दगावले. हा डास वेगळा, एडीस नावाचा. त्याला दलदल नको. कुलरमधले, टायरमधले, गच्चीवरच्या पिंपातले बेतास बात स्वच्छ पाणी पुरते. आणि तो दिवसा चावतो. अशा शत्रूला जिल्ह्याचा नकाशा काय कामाचा? येथे गल्लीचा नकाशा हवा.

२०१२ मध्ये पंजाबच्या सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांच्या हाती स्मार्टफोन दिले. नाली साफ करावयाची, तर आधी एक छायाचित्र आणि नंतर एक. छायाचित्राबरोबर जागा आणि वेळ आपोआप नोंदली जाई आणि इंटरनेटवरील नकाशावर तत्काळ उमटे. अळ्या सापडल्या तेथे एक खूण, रुग्णाच्या घरी दुसरी. दोन्ही खुणा जेथे दाटीने दिसू लागतील तेथे माणसे धाडावयाची. गंमत अशी की हा नकाशा डासांवर जितकी नजर ठेवी तितकीच कर्मचाऱ्यांवरही. कचेरीत बसून ‘फवारणी केली’ असे लिहिण्याची सोय उरली नाही!

त्या वर्षी रुग्ण फारच थोडे झाले. हे श्रेय सगळे नकाशाचे, असे मात्र मी म्हणणार नाही. एका मोठ्या साथीनंतर पुष्कळांच्या अंगी त्या प्रकारच्या विषाणूपुरती प्रतिकारशक्ती येते. पाऊसही दरवर्षी सारखा नसतो. शिवाय रुग्णाचे घर म्हणजे डास चावल्याची जागा नव्हे. तो दुकानात चावला असेल, शाळेत चावला असेल. खूण मात्र घरावर पडते.

पुढचे पाऊल मला अधिक महत्त्वाचे वाटते. साथीच्या काळात लोकांसाठी एक दूरध्वनी-सेवा उघडली होती. ताप आला, काय करू, असे विचारणारे तीन लाखांहून अधिक दूरध्वनी तिच्याकडे आले. कोणत्या भागातून किती विचारणा आल्या याचे गणित मांडून, त्या भागात डेंग्यू वाढणार हे दोन-तीन आठवडे आधी सांगता येते, असे संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले. चौकीदाराची वर्दी माणूस मेल्यावर येत असे; ही वर्दी रोगी जिवंत असताना, त्याच्याच तोंडून येते.

पण ज्याच्या घरी दूरध्वनी नाही, किंवा ज्याला सरकारी क्रमांक ठाऊक नाही, त्याची गल्ली या नकाशावर निरोगी दिसणार. आणि ख्रिस्तोफर्सने धान्याचा भाव लिहिला होता, तसे आज काय लिहावे? नळाला पाणी किती तास येते हे लिहावे, असे मला वाटते. चार दिवसांनी एकदा पाणी येते तेथली गृहिणी पिंप भरून ठेवणारच. निरीक्षक येतो, अळ्यांचे छायाचित्र काढतो, पिंप उलटे करतो आणि निघून जातो; संध्याकाळी ती बाई तेच पिंप पुन्हा भरते.