समुद्रफेन आणि माकूल

रत्नागिरी शहराला लागून असलेले मिरजोळे हे समुद्रकाठचे गाव नव्हे. पण तेथील औद्योगिक वसाहतीत मासळीवर प्रक्रिया करणारे कारखाने आहेत. मिरकरवाड्यासारख्या बंदरात उतरलेला माल बर्फातून अशा कारखान्यांत जातो. माकुलाच्या खाद्येतिहासाचा शोध घ्यायचा तर बंदराइतकेच या शीतगृहांकडेही पाहावे लागते, असे आम्हांस वाटते.

या प्राण्याशी आपली भाषा मोठी विलक्षण वागली आहे. त्याच्या पाठीतले पांढरे, हलके कवच लाटांबरोबर किनाऱ्यावर येते. पूर्वजांनी त्याला ‘समुद्रफेन’ म्हटले, म्हणजे समुद्राचा घट्ट झालेला फेस! आयुर्वेदात ते कानाच्या व डोळ्यांच्या विकारांवर वापरले गेले. पोपटाच्या पिंजऱ्यातही ते अडकवलेले दिसते. वस्तुतः ते चुनखडीचे, असंख्य सूक्ष्म कप्प्यांचे कवच असून त्यांतील द्रव कमीजास्त करून प्राणी पाण्यात वरखाली होतो. कवचाला असे काव्यमय संस्कृत नाव लाभले; मांसाच्या वाट्याला मात्र ‘माकूल’ हे एकच ढोबळ नाव आले, आणि तेही स्क्विड व कटलफिश या दोघांत वाटून. नळीसारख्या शरीराच्या स्क्विडला कोणी ‘नळ माकूल’ म्हणतात, एवढाच काय तो भेद. आठ पायांच्या ऑक्टोपसला तर आम्ही वर्गात ‘अष्टपाद’ म्हणतो, आणि विद्यार्थी हसतात.

कोळंबीच्या मागे लागलेल्या यांत्रिक ट्रॉलरांच्या जाळ्यात हे जीव आपसूक येत. त्यांना फारसा भाव नव्हता. गळाला आमिष म्हणून त्यांचा उपयोग होई, पुष्कळसे फेकूनही दिले जात. १९७२ मध्ये समुद्री उत्पादन निर्यात विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि त्याच दशकात गोठवलेल्या माकुलाची निर्यात सुरू झाली. स्पेन, इटली, जपान येथील गिऱ्हाइकांनी कोकणी माकुलाची किंमत ठरवली. आपल्या पानातल्या पदार्थाची योग्यता परक्याने सांगितल्यावरच आपल्याला पटावी, ही आपली जुनीच खोड!

ही योग्यता अन्नघटकांच्या कोष्टकातही दिसते. शंभर ग्रॅम कच्च्या स्क्विडमध्ये सुमारे साडेपंधरा ग्रॅम प्रथिने, दीड ग्रॅमच्या आतबाहेर स्निग्धांश आणि अवघ्या ९२ कॅलरी असतात. कटलफिशमध्ये प्रथिने थोडी अधिक, स्निग्धांश आणखी कमी, आणि लोह सुमारे सहा मिलिग्रॅम. ऑक्टोपसमध्ये ब-१२ जीवनसत्त्व २० मायक्रोग्रॅम भरते. प्रौढ माणसाची दिवसाची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमचीच. स्क्विडमध्ये तांबेही भरपूर. या प्राण्यांचे रक्तच तांब्यावर चालते, म्हणून ते निळसर असते.

आक्षेप असतो तो कोलेस्टेरॉलचा. शंभर ग्रॅम स्क्विडमध्ये ते सुमारे २३३ मिलिग्रॅम असते, हे खरे. परंतु दिवसाला ३०० मिलिग्रॅमची जी मर्यादा वर्षानुवर्षे सांगितली गेली, ती अमेरिकेने २०१५ च्या आहारविषयक मार्गदर्शनातून वगळली. संपृक्त चरबी अधिक घातक मानली जाते आणि माकुलात ती नगण्य असते. अर्थात ज्यांना वैद्याने पथ्य सांगितले आहे, त्यांनी ते पाळावेच. पिठात घोळवून भरपूर तेलात तळले की हा सारा हिशेब बिघडतो. आमचे मत विचाराल तर ओल्या खोबऱ्याच्या वाटणातले सुके माकूल बरे. ते एकतर मिनिट-दोन मिनिटांत उतरवावे, नाहीतर अर्धा-पाऊण तास मंद आचेवर ठेवावे. मधल्या वेळात ते रबरासारखे होते. साफ करताना पोटातला भाग पूर्ण काढावा, कारण कॅडमियमसारखा जड धातू तिथे साठतो. युरोपीय संघाने माकुलातील कॅडमियमवर किलोमागे एक मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे, तीही आतडी काढलेल्या मांसापुरती.

माकूल उजेडाकडे धावते आणि बहुधा वर्षभरच जगते. प्रखर दिव्यांच्या मासेमारीने त्याचे थवेच्या थवे एका रात्रीत उचलता येतात. केंद्र सरकारने २०१७ मध्ये एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. तरी रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पारंपरिक मच्छीमार आणि दिवेवाल्या नौका यांचा वाद त्यानंतरही धुमसत राहिला. छोट्या होडीवाल्याच्या घरात स्वस्त प्रथिन म्हणून शिजणारे माकूल आता आधी वजनकाट्यावर जाते, आणि उरले तर टोपात येते.