प्रुफावरची माझी सही

परवा नातीचा फोन आला तो रडवेल्या आवाजात. ती पुण्यात लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, दुकानांची माहितीपत्रकं अशी डिझाइनची कामं करते. एका गिऱ्हाइकाने चारशे पत्रिकांचा गठ्ठा परत आणून टाकला होता. म्हणे, "मोबाइलवर दाखवला तो रंग हा नव्हे." मी तिची समजूत घालायला लागले आणि बोलता बोलता मध्येच गप्प झाले. असंच एक भांडण मी स्वतः केलेलं आहे, आणि त्यात मी गिऱ्हाईक होते.

आमच्या शाळेचा सुवर्णमहोत्सव १९९५ साली झाला. स्मरणिकेचं काम माझ्याकडे होतं. मुखपृष्ठावर संस्थापकांचं तैलचित्र, डोक्याला शेंदरी फेटा. छापून आलं तेव्हा फेटा विटकरी! प्रकाशनाच्या दिवशी समितीतले एक जुने सभासद सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, गुरुजींचा फेटा धुळीत पडला होता काय?" सगळे हसले. मी तो राग छापखानेवाल्यांवर काढला आणि त्यांच्या बिलातून पाचशे रुपये कापले. ते "बाई, कागद..." एवढंच म्हणाले. मी पुढचं ऐकून घेतलं नाही.

असो. मी एकतीस वर्षं इतिहास शिकवला, पण लढायांच्या सनावळ्यांतून रंगीत छपाईपर्यंत काही पोचले नाही. याकोब क्रिस्तोफ ल ब्लाँ हे नाव मला निवृत्तीनंतर वाचनात सापडलं. हा गृहस्थ १६६७ साली फ्रँकफुर्टला जन्मला. निळा, पिवळा आणि तांबडा अशा तीन रंगांचे तीन पत्रे करून, ते एकाच कागदावर एकावर एक छापून, सगळे रंग मिळवायची युक्ती त्याने काढली. कधी जोडीला काळ्याचा चौथा पत्राही. आज आपल्या घरी येणारं रंगीत वर्तमानपत्र मुळात याच हिशेबाने छापलेलं असतं. १७१९ साली इंग्लंडच्या पहिल्या जॉर्ज राजाकडून त्याने याचा हक्क मिळवला आणि मोठमोठ्या चित्रांच्या स्वस्त छापील प्रती विकायला लंडनमध्ये कंपनी काढली. ती काही वर्षांतच बुडाली. याला कारणं बरीच, पण मला एक फार महत्त्वाचं वाटतं. त्याने लोकांना तैलचित्रासारखंच चित्र द्यायचं कबूल केलं होतं. ज्यांनी खरी तैलचित्रं पाहिली होती त्यांच्यापुढे छापील कागद ठेवला की तुलना आलीच.

पण गंमत बघा, १७२५ च्या सुमाराला निघालेल्या आपल्या पुस्तकात याच माणसाने एक भेद लिहून ठेवला. प्रकाशाचे रंग एकमेकांत मिसळले तर पांढरं होतं, आणि हाताला लागणारे, म्हणजे शाईचे रंग मिसळले तर काळं होतं. नातीच्या गिऱ्हाइकाचं भांडण ते हेच. मोबाइलचा पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, कागद शाईने. पडद्यावर झळझळणारा शेंदरी किंवा पोपटी रंग चार शायांच्या आवाक्यातच नसतो. मुलगी कितीही हुशार असली तरी ती कुठून आणणार?

आता आपल्याकडचं उदाहरण. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. यंत्रं आणि तंत्रज्ञ जर्मनीचे. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि अखेर श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाला विकला गेला. तिथलं काम दगडावरच्या छपाईचं. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. मूळ चित्र समोर ठेवून, यात पिवळा किती, गुलाबी किती, हे कारागिराने नुसत्या नजरेने ताडायचं आणि तेवढंच त्या त्या दगडावर उतरवायचं. रविवर्म्यांच्या कुंचल्यातली अंगकांतीची नाजूक उतरण त्यात पुरी यायची नाहीच. पण तक्रार कोण करणार? आमच्या आजीच्या देवघरात लक्ष्मीचं असं एक चित्र होतं. तिला ते पन्नास वर्षं पुरलं. मूळ चित्र तिने कधी पाहिलंच नव्हतं, तिच्या लेखी तेच मूळ.

म्हणजे रंग चुकला असं गिऱ्हाईक म्हणतं ते त्याच्याकडे मापाला दुसरं काही असतं म्हणून. आणि प्रूफ दाखवायची पद्धत आली तसं छापखान्यानेच ते माप त्याच्या हातात दिलं.

आमच्या वेळी चार रंगांच्या चार पॉझिटिव्ह निघत आणि त्यांवरून प्रूफ काढत. नुसता पिवळा, त्यावर किरमिजी, मग निळा, मग काळा, असे टप्प्याटप्प्याचे कागदही मिळत. हे सगळं गुळगुळीत आर्ट पेपरवर. त्यावर शाई वर राहते आणि रंग चमकतो. तेच साध्या मॅपलिथोवर छापलं तर कागद शाई पितो, ठिपके पसरतात, शेंदरी मंदावून विटकरीकडे झुकतो. पुन्हा उजेडाचा खेळ निराळाच. ट्यूबलाइटखाली पाहिलेला रंग खिडकीशी नेला की बदलतो. म्हणून तर रंग तपासायला ठरावीक उजेड वापरतात. मी आमचं प्रूफ शिक्षक-खोलीत संध्याकाळी सहा वाजता पाहिलं होतं.

नातीचा फोन ठेवल्यावर मी माळ्यावरची पेटी उतरवून घेतली. स्मरणिका मिळाली, आणि तिच्यात घडी करून ठेवलेलं ते प्रूफही. शेंदूर अजून बराच टिकलाय. खाली माझी सही, "छापण्यास हरकत नाही". आणि डाव्या कोपऱ्यात शिसपेन्सिलने, छापखानेवाल्यांच्या अक्षरात, "कागद बदलल्यास रंग उतरेल." कागद आम्हीच बदलला होता. समितीने खर्च कमी करायला सांगितलं म्हणून तो निरोप मीच दिला होता. मुलांच्या वह्यांतल्या वेलांट्या लाल शाईने पकडणारी मी, सहीच्या वीतभर अंतरावरची ओळ वाचली नव्हती.

नातीला मी एवढंच सांगितलं की मोबाइलवर होकार घेऊ नकोस. ज्या कागदावर छापायचं त्याच कागदावर एक नमुना काढ, गिऱ्हाइकाला खिडकीशी उभं करून दाखव, आणि कोपऱ्यातली ओळ त्याच्याकडून मोठ्याने वाचून घे. ती हसली. पण त्या चारशे पत्रिकांचं नुकसान तिलाच सोसावं लागलं.

गेल्या आठवड्यात त्या छापखान्यात गेले. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, आता मुलगा बघतो. माझाच विद्यार्थी निघाला. मी प्रूफ त्याच्यापुढे उलगडलं. त्याने आधी कोपऱ्यातल्या अक्षरावरून बोट फिरवलं, मग फेटा पाहिला. मी पाचशे रुपये टेबलावर ठेवले. "बाई, हे कशाला आता?" करत दोनदा परत सरकवले. मी उठेना, तेव्हा त्याने खणातून पावतीपुस्तक काढलं, तारीख घातली आणि लिहिलं, "जुनी बाकी जमा".

प्रूफ मात्र मी त्याच्यापाशीच ठेवून आले. त्याला वडिलांचं अक्षर हवं होतं.